लिनक्स टाकलं आणि वायफायच गायब झालं? नेमकं बिघडतं कुठं आणि ते परत कसं आणायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा लागते, प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेला, अजून ठणठणीत चालणारा लॅपटॉप एका तारखेनं एकदम ‘म्हातारा’ ठरला.

मग कुणीतरी मित्र सांगतो, भावा लिनक्स मिंट टाक, उबुंटू टाक, फुकट आहे, मशीन पळायला लागेल.

मित्र खोटं बोलत नाही. पेन ड्राइव्ह लावला, अर्ध्या तासात इन्स्टॉल झालं, डेस्कटॉप समोर आला, सगळं झकास. फक्त कोपऱ्यात वायफायचं चिन्ह नाही. सेटिंग उघडली तर तिथं लिहिलेलं असतं, ‘नो वायफाय ॲडॉप्टर फाउंड’. आता उपाय शोधायला नेट पाहिजे आणि नेट नाही हाच तर प्रॉब्लेम. बरेच जण इथंच हात टेकतात. लॅपटॉप भंगारात जातो किंवा परत जुन्याच विंडोजवर, सिक्युरिटी अपडेटशिवाय, तसाच वापरला जातो. त्यात नेट बँकिंगही चालू असतं, हे वेगळं सांगायला नको.

खरंतर दहापैकी बहुतेक केसेस तासाभरात सुटणाऱ्या असतात. फक्त गडबड नेमकी कुठं आहे हे आधी कळलं पाहिजे.

आधी नेट आणा, तेही वायफायशिवाय

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेला उपाय आपल्या खिशातच असतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या खाली ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. लिनक्सला हा फोन साधी लॅनची वायर लावल्यासारखा दिसतो आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर आधीपासून आत असतो. काही सेकंदांत नेट सुरू होतं.

यात भारी गोष्ट अशी की फोन स्वतः घरच्या वायफायवर असेल तरी चालतं. म्हणजे फोन वायफाय घेतो आणि केबलनं लॅपटॉपला देतो. डेटा पॅकही खर्च होत नाही. केबल मात्र डेटावाली हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, मग टेदरिंगचा पर्याय फोनमध्ये पुसटच राहतो.

राउटर जवळ असेल तर लॅनची वायर आहेच. हे झालं की उबुंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ आणि मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून बघायचं. काही चिपसाठी तिथंच नाव दिसतं, टिक करा, रिस्टार्ट करा, विषय संपला. मिंटमध्ये तर नेट नसेल तर ज्या पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल केलं तोच परत लावून त्यातले ड्रायव्हर घेता येतात.

तिथं काहीच दिसलं नाही तर मात्र थोडं खोलात जावं लागतं.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

वायफायचं कार्ड चालायला दोन तुकडे लागतात. पहिला ड्रायव्हर. हा लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा भाग असतो. कार्डाशी कसं बोलायचं हे त्याला माहीत असतं. दुसरं फर्मवेअर. हा प्रोग्राम लॅपटॉपच्या प्रोसेसरवर चालत नाही, वायफायच्या चिपच्या आत चालतो. बऱ्याच चिपमध्ये तो कायमचा साठवलेला नसतो. प्रत्येक वेळी लॅपटॉप चालू झाला की ड्रायव्हर ती फाइल डिस्कवरून उचलतो आणि चिपला भरवतो. फाइल सापडली नाही तर चिप उपाशी. ड्रायव्हर आहे, कार्ड आहे, पण वायफाय नाही.

लिनक्सचा ड्रायव्हर खुला असतो, कुणीही वाचू शकतं, बदलू शकतं. फर्मवेअर मात्र कंपनीचं, बंद पेटीतलं. म्हणून काही लिनक्सवाले ते आपल्या सिस्टिममध्ये ठेवायलाच तयार नसत. डेबियन हे त्यातलं मोठं उदाहरण. वर्षानुवर्षं डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं फर्मवेअर नव्हतं, ते वेगळं शोधून आणावं लागायचं. शेवटी २०२२ मध्ये डेबियनच्या डेव्हलपर मंडळींनी चक्क मतदान घेतलं आणि फर्मवेअर आत घ्यायचं ठरलं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच मिळतं. तत्त्वाला मुरड घातली अशी टीका झाली, पण लॅपटॉपवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

चिप कुणाची, हा खरा प्रश्न

लॅपटॉपवर एचपी, डेल, लेनोव्हो काहीही लिहिलेलं असो, आतलं वायफाय या कंपन्यांचं नसतं. ते इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम किंवा ब्रॉडकॉमचं असतं. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्येही वेगवेगळी चिप निघू शकते. म्हणून ‘माझ्या लॅपटॉपवर चाललं, तुझ्या कसं चालत नाही’ या वादाला काही अर्थ नाही.

चिप ओळखायला टर्मिनल उघडायचं आणि ‘एलएसपीसीआय’ ही कमांड द्यायची. (कमांडची अक्षरं इंग्रजीत, सगळी छोट्या लिपीत आणि मध्ये जागा न सोडता.) पुढं एक जागा सोडून डॅश आणि ‘एनएनके’ जोडलं तर जास्त माहिती येते. आलेल्या यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधायची. तिथं कंपनीचं नाव आणि चौकोनी कंसात दोन आकडे दिसतात. पहिला कंपनीचा, दुसरा चिपचा. इंटेलचा आकडा ८०८६ आहे. कंपनीच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचं नावच त्यांनी ओळखपत्रावर छापून घेतलंय.

त्याच्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल तर ड्रायव्हर जागेवर आहे, गडबड दुसरीकडे आहे. ही ओळच नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाही. बाहेरून लावायचा यूएसबी डोंगल असेल तर त्यासाठी कमांड वेगळी, ‘एलएसयूएसबी’.

दुसरी कामाची कमांड ‘डीमेसेज’, तिचं स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी. तिच्या आधी ‘सुडो’ लावायचं. कर्नलची रोजनिशी समजा. तिथं फर्मवेअर लोड करताना ‘एरर उणे २’ असं दिसलं तर घाबरू नका, त्याचा अर्थ फक्त ‘फाइल सापडली नाही’ एवढाच आहे. ‘लिनक्स फर्मवेअर’ नावाचं पॅकेज अपडेट केलं की बहुतेक वेळा काम होतं.

आता कंपन्यांचं. इंटेलचं कार्ड असेल तर सहसा डोक्याला ताप नाही. कंपनी स्वतः ड्रायव्हर लिहिते आणि कर्नलमध्ये देते. फक्त कार्ड अगदी नवं आणि लिनक्स जुनं असं असेल तर अडतं, मग नवा कर्नल घ्यायचा.

एथेरॉसचे जुने कार्डही शहाणे. २००८ मध्ये कंपनीनं स्वतःच खुला ड्रायव्हर दिला आणि त्यातल्या लॅपटॉपच्या आतल्या कार्डांना वेगळं फर्मवेअर भरवावंच लागत नाही.

ब्रॉडकॉमचा इतिहास मात्र सिनेमासारखा आहे. २००० च्या दशकात असंख्य लॅपटॉपमध्ये त्यांच्या चिप होत्या आणि लिनक्ससाठी ना ड्रायव्हर ना कागदपत्रं. लोक विंडोज एक्सपीचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये घुसवायचे, त्यासाठी ‘एनडीआयएसरॅपर’ नावाचा जुगाड होता. मग काही प्रोग्रामरनी ब्रॉडकॉमचा बंद ड्रायव्हर उलटा उकलायला घेतला. कायद्याच्या कचाट्यात सापडू नये म्हणून दोन टीम केल्या. एका टीमनं उकलून चिप कशी चालते त्याचं वर्णन लिहायचं, दुसऱ्या टीमनं मूळ कोडकडे न बघता फक्त ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहायचा. २००६ मध्ये तो कर्नलमध्ये आला. फर्मवेअर वाटायची परवानगी तरीही नव्हती, त्यामुळे ते विंडोजच्या ड्रायव्हरमधून कापून काढणारं वेगळं साधन बनवलं. ब्रॉडकॉमनं स्वतःचा खुला ड्रायव्हर द्यायला सप्टेंबर २०१० उजाडला, तोही काही ठरावीक चिपसाठी. जुन्या मॅकबुकमधल्या ब्रॉडकॉम बीसीएम४३६० चिपला आजही कंपनीचा बंद ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हरच लागतो. उबुंटू आणि मिंटमध्ये तो ड्रायव्हरच्या यादीत मिळतो.

रिअलटेक आणि एक निवृत्त शास्त्रज्ञ

स्वस्त लॅपटॉप आणि स्वस्त डोंगल म्हटलं की बहुतेकदा रिअलटेक. आणि लिनक्सवाल्यांच्या तक्रारीही सगळ्यात जास्त इथंच. कंपनी कोड द्यायची, पण तो कर्नलच्या शिस्तीत बसेल असा नसायचा. मग तो नीट करून आत कोण घेणार?

हे काम वर्षानुवर्षं ज्यांनी केलं त्यात लॅरी फिंगर हे नाव सगळ्यात वर येतं. पेशानं ते प्रोग्रामर नव्हते. अमेरिकेतल्या कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या जिओफिजिकल लॅबमध्ये ते स्फटिकांच्या रचनेवर काम करायचे. ‘फिंगराइट’ नावाचं एक खनिज त्यांच्याच नावावरून ओळखलं जातं. तो माणूस आधी ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरवर आणि मग रिअलटेकच्या ड्रायव्हरवर काम करत राहिला. कोड साफ करायचा, कर्नलमध्ये न्यायचा, जुना कर्नल वापरणाऱ्यांसाठी तोच ड्रायव्हर वेगळा काढून ठेवायचा. जून २०२४ मध्ये ते गेले.

त्यांच्या कामाचा एक नमुना बघा. काही लॅपटॉपमध्ये, विशेषतः एचपीच्या, रिअलटेक आरटीएल८७२३बीई हे कार्ड असायचं. लिनक्समध्ये वायफाय दिसायचं, पण राउटरच्या शेजारी बसलं तरच. दुसऱ्या खोलीत गेलं की संपलं. कारण काय, तर कार्डाला अँटेना जोडायच्या जागा दोन, पण खर्च वाचवायला आत अँटेना एकच जोडलेली. ती कुठल्या जागी आहे हे कार्डाच्या मेमरीत नोंदवायला हवं होतं, तिथं नोंद चुकीची. ड्रायव्हर बिचारा रिकाम्या जागेवरून सिग्नल शोधत बसायचा. २०१६ मध्ये फिंगर यांनी ड्रायव्हरमध्ये ‘अँट सेल’ नावाचा पर्याय दिला. त्याला १ किंवा २ अशी किंमत देऊन अँटेना हातानं निवडता येते. आजही कुणाचा जुना एचपी लिनक्सवर असा रडत असेल तर सगळ्यात आधी हेच करून बघावं.

नव्या रिअलटेक कार्डांची परिस्थिती सुधारली आहे. ‘आरटीडब्ल्यू८८’ हा ड्रायव्हर २०१९ पासून आणि ‘आरटीडब्ल्यू८९’ २०२२ च्या सुरुवातीपासून कर्नलमध्येच आहे. त्यामुळे आरटीएल८८२१सीई सारख्या कार्डासाठी आता बाहेरून ड्रायव्हर आणायची गरज नाही, कर्नल ५.९ किंवा पुढचा असला म्हणजे झालं. पण शोधल्यावर जुन्या पोस्ट सापडतात, त्यातली दहा ओळींची कमांड लोक डोळे झाकून चिकटवतात आणि एकाच कार्डासाठी दोन ड्रायव्हर भांडायला लागतात. आधी तारीख बघा, मग कमांड.

मीडियाटेकचंही असंच, एमटी७९२१ कर्नल ५.१२ पासून चालतं. एमटी७९०२ च्या नशिबी मात्र मोठी प्रतीक्षा आली. ही चिप असलेले लॅपटॉप विकले जात होते आणि कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर बराच काळ नव्हताच. लिनक्ससाठी लॅपटॉप घेणार असाल तर हा आकडा लक्षात ठेवा.

ड्रायव्हर आहे, तरी वायफाय बंद

अशावेळी ‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड. दोन ओळी दिसतात. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ला ‘येस’ असेल तर सॉफ्टवेअरनं बंद केलंय, ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ दिलं की उघडतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ला ‘येस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएन सोबतची विमानाची की तपासा. लेनोव्होच्या काही आयडियापॅडमध्ये असं बटणच नसायचं, तरी सिस्टिम सांगायची की बटण बंद आहे. तिथं ‘आयडियापॅड लॅपटॉप’ नावाचं मॉड्यूल काढून टाकलं की वायफाय येतं. नव्या कर्नलमध्ये हा त्रास बराच कमी झालाय.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर संशयित वेगळा. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ लॅपटॉप पूर्ण बंद करतच नाही, अर्धवट झोपवतं. वायफायचं कार्डही त्या झोपेत अडकून राहू शकतं. लिनक्समध्ये आलं की कार्ड जागं होत नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करायचं आणि एकदा पूर्ण शटडाउन मारायचं.

आणि ‘सिक्युअर बूट’. हे चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. कर्नलसोबत आलेल्या ड्रायव्हरवर सही असते, बाहेरून आणलेल्यावर नसते. म्हणून असा ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं. रिस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन येतो. त्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बहुतेक जण तो निळा स्क्रीन बघून दचकतात आणि ‘कंटिन्यू बूट’ दाबतात. मग ड्रायव्हर डिस्कवर आहे पण चालत नाही, आणि दोष लिनक्सच्या नावावर. तो स्क्रीन व्हायरस नाही. चुकून गेला तर पासवर्डची पायरी पुन्हा करून तो परत आणता येतो.

बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरची आणखी एक खोड. कर्नल अपडेट झाला की तो चालेनासा होतो, कारण तो जुन्या कर्नलसाठी बनलेला असतो. ‘डीकेएमएस’ ही सोय असेल तर प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप परत बनतो. म्हणून ड्रायव्हर टाकताना डीकेएमएसवालाच टाकावा. ‘काल चालत होतं, आज अपडेटनंतर गेलं’ या तक्रारीमागं बहुतेकदा हेच असतं. तोवर बूट होताना ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडला की काम भागतं.

येतं, पण रांगतं

व्हिडिओ कॉल मध्येच अडकतो, पिंग वर-खाली होतो. पहिला संशय बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगवर. उबुंटूमध्ये नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंग फाइलमध्ये ‘वायफाय डॉट पॉवरसेव्ह’ची किंमत ३ असते, म्हणजे बचत चालू. ती २ केली की बचत बंद. बॅटरी थोडी जास्त जाते, पण कॉल तुटत नाही.

राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव फोनवर दिसतं आणि लॅपटॉपवर दिसत नाही, असं असेल तर देशाचं सेटिंग बघा. कुठल्या देशात कुठलं चॅनल वापरायचं याचे नियम वेगळे आहेत आणि लिनक्स ते पाळतं. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ दिल्यावर देश ‘००’ दिसला तर सिस्टिमला आपण कुठं आहोत हेच माहीत नाही, म्हणून ती सावधपणे काही चॅनलवर स्वतःहून बोलत नाही. काही कार्डांचा देश चिपमध्येच पक्का केलेला असतो, तिथं राउटरचं चॅनल बदलणं जास्त सोपं.

काहीच जमलं नाही तर

मग पैसे खर्च करायचे, पण चिप बघून. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा डोंगल लिनक्सवाल्यांचा एकेकाळी लाडका होता, कारण आत एथेरॉसची चिप. पुढं दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाच्या डोंगलमध्ये रिअलटेकची चिप आली. जुने रिव्ह्यू वाचून घेणारे फसले. खोक्यावर ‘व्ही’ पुढचा आकडा बारीक अक्षरात असतो, तो बघायचा.

डोंगल लावल्यावर ‘एलएसयूएसबी’मध्ये वायफायऐवजी सीडी किंवा डिस्क दिसली तर तो खराब नाही. विंडोजवाल्यांच्या सोयीसाठी त्याच्या आत ड्रायव्हरची खोटी सीडी असते आणि तो आधी तीच दाखवतो. ‘यूएसबी मोडस्विच’ हे पॅकेज त्याला वायफायच्या अवतारात आणतं. कधीकधी फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी ‘इजेक्ट’ केली तरी भागतं.

लॅपटॉपच्या आतलं कार्डच बदलायचं तर इंटेलचं एएक्स२१० किंवा एएक्स२०० मागा. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही नावं सारखीच वाटतात, पण ती कार्डं इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरसोबतच चालतात. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये बसतील, चालणार नाहीत. दुकानदाराला हा फरक माहीत असेलच असं नाही. फार जुन्या लॅपटॉपमध्ये कार्ड बसवायची जागाही वेगळ्या आकाराची असते, आणि काही जुन्या एचपी-लेनोव्होमध्ये बायॉस फक्त कंपनीनं मान्य केलेलीच कार्डं स्वीकारतो, दुसरं लावलं तर मशीन चालूच होत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये चिप बोर्डावरच डाग दिलेली असते, तिथं बदलायला काहीच नसतं.

अजून लिनक्स टाकलेलंच नसेल तर इन्स्टॉलचं बटण दाबायच्या आधी पेन ड्राइव्हवरूनच मिंट किंवा उबुंटू ‘लाइव्ह’ चालू करून बघता येतं. डिस्कला हात लागत नाही, विंडोज जसंच्या तसं राहतं. तिथं वायफाय जोडा, एखादा व्हिडिओ लावा, लॅपटॉप झोपवून परत जागा करा, ब्लूटूथही तपासा, कारण बहुतेकदा तेही त्याच कार्डावर असतं.